श्वास घ्यायची जागा

चमचा ओट्यावरून खण्णकन खाली पडला. दुपारची वेळ, घर चिडीचूप. मी नुकतं कुठे गायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आतल्या खोलीकडे कान दिला. लेक, भिंगरी, झोपलेलीच होती बहुतेक.

तिची ही दुपारची झोप म्हणजे माझी चोरीची कमाई. एवढ्या वेळात लॅटिन स्तोत्र बसवायचं, आणि मास्तरांचा फोन आला की सांगायचं: जाणार की नाही.

मास्तर आमच्या चर्चचं गायनमंडळ चालवतात. ऑर्गनवर त्यांची बोटं आता आखडतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला परदेशी धाडलं, एका मठातल्या उन्हाळी वर्गाला, मिस्सेतलं, म्हणजे चर्चच्या उपासनेतलं, जुनं गायन शिकायला. त्याचा दुसरा भाग या उन्हाळ्यात. तो केला तर मंडळ माझ्याकडे, नाहीतर ते बाहेरून कुणाला तरी आणणार. ‘‘बाकीच्यांना गाता येतं गं,’’ मास्तर म्हणाले, ‘‘ऐकता येत नाही.’’

मठात पहिल्यांदा ऐकायलाच शिकवलं. तिथल्या ओळी एवढ्या लांब की एका छातीत मावत नाहीत. म्हणून शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही, सूर धरून ठेवायचा. आपण थांबलो की ती धरते. मग हलकेच परत शिरायचं. कोण कधी गेलं, कधी आलं, ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. त्या थंड दगडी भिंतींत आम्ही बायका उभ्या असायचो आणि सूर तुटायचाच नाही. गाण्यात एवढं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, घरातही असंच जमेल. मी जरा श्वास घेऊन येते, तोवर सासूबाई सूर धरतील. त्यांनी धरलाही. ‘‘जा गं खुशाल. मी काय पोरं वाढवली नाहीत? आता तुझा नवरा जरा बिघडला, ते सोड.’’

परत आले तेव्हा भिंगरीनं दारातून माझी बॅग बघितली आणि आजीच्या मागे लपली. झोपवताना मी गायला लागले, तर तिनं तळहात माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट.

‘‘तू गेल्यापासून हेच,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कुणी गायलं की तोंड दाबते. मी तर गुणगुणणंही सोडलं. नाहीतरी माझा आवाज कावळ्याचा, शेजाऱ्यांनी दुवाच दिला असेल.’’ त्या हसल्या, पण माझ्याकडे न बघता.

मठातून फोनवर मी तिला गाऊन दाखवायचे. ती गप्प असायची. मी समजायचे, ऐकतेय.

‘‘तू जा. विसरेल ती,’’ नवरा म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो. तिनं विसरावं असं मलाही वाटतं, आणि त्याचीच धास्तीही वाटते.

चमचा उचलून ठेवला. पुन्हा सुरुवात केली, दबक्या आवाजात. लांब ओळीच्या मध्यावर दम संपला आणि सवयीनं थांबले, शेजारणीनं धरावं म्हणून. ओट्यापाशी माझ्याशिवाय कोण असणार? ओळ तिथेच तुटली.

मागे दार करकरलं. भिंगरी उभी होती. गालावर उशीचे वळ, आणि माझ्या बाहेर जायच्या चपला छातीशी कवटाळलेल्या.

‘‘अगं, त्या घाणेरड्या चपला कशाला उचलल्यास?’’

‘‘लपवायच्यात.’’

‘‘कुणापासून?’’

‘‘तुझ्यापासून.’’

मी खाली बसले. तिला जवळ ओढलं. ती आली, पण चपला सोडल्या नाहीत. तेवढ्यात ओट्यावर फोन वाजू लागला. मास्तरच असणार.

तिनं फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता हात येईल, म्हणून मी ओठ मिटून घेतले. हात आला नाही.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘न जाता गाता येत नाही का?’’