एकोणऐंशीवा दिवस

"ताई, रविवारी तुम्ही आला नव्हता का?"

संशोधक मुलीची नजर मीटरवरून हलत नव्हती. काल पाचशे वीसवर असलेला आकडा आज एकशे नव्वदवर उतरला होता.

"आले होते. अकरा वाजता पाणी बदललं. वहीत लिहिलंय."

"मग असं कसं झालं?"

ताईंनी पाना उचलला. एकवीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत सहायक होत्या. सांडपाण्यातले जिवाणू घाण खाताना थोडी वीज सोडतात. ती पकडणारे हे डबे. एका कप्प्यात नाल्याचं पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी आणि मध्ये पापडासारखा पातळ पडदा. सगळी मदार त्या पडद्यावर. मुलीने तो स्वतः बनवला होता. तो नव्वद दिवस टिकतो एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. आज त्र्याऐंशीवा दिवस.

ताईंनी पडदा काढून उजेडासमोर धरला. कडेला नखाएवढी चीर होती, वाळून तडकल्यासारखी.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवसांपूर्वी मुलगी तापाने घरी असताना विभागप्रमुख पाहुणे घेऊन आले होते. त्यांनी डबा उघडायला लावला.

"सर, पडदा वाळेल."

"दोन मिनिटांनी काय होतंय?"

दोन मिनिटांची चाळीस झाली. ताई ओला कापूस घेऊन पुढे झाल्या, तर फोटोत येताय म्हणून त्यांना बाजूला केलं. नंतर मीटरवरचा आकडा नीट होता. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून त्या गप्प बसल्या. आता ते गप्प बसणंच त्यांना जास्त डाचत होतं.

दुपारी सरांनी त्यांना बोलावलं. "सहायकाच्या हलगर्जीपणामुळे पडदा वाळला, असं वहीत लिहा. मुलीला मुदतवाढ मिळेल. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"एकवीस वर्षांत माझ्या हातून एक पडदा वाळलेला नाही, सर."

"तिच्या भल्यासाठीच सांगतोय. उगाच ताणू नका."

तिच्या भल्यासाठी. जिना चढताना ताई ते दोन शब्द चघळत राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच दोर आणून द्यायचा. त्यांनी वही उघडून लिहिलं: दिवस एकोणऐंशी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी सरांच्या सांगण्यावरून डबा उघडला. पडदा चाळीस मिनिटं कोरडा. हे त्याच दिवशी लिहिलं नाही, ही माझी चूक. खाली सही केली.

मुलीने ते दोनदा वाचलं. "त्याच दिवशी का नाही सांगितलंत? चीर पडायच्या आत मी काहीतरी केलं असतं."

"भ्याले."

"मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी…" तिने वाक्य सोडून दिलं आणि वही मिटली.

मुलीला तीन महिने वाढवून मिळाले. वहीतल्या नोंदीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ताईंची मात्र 'सोयीसाठी' तळमजल्यावर, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगशाळेत रवानगी झाली. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या. डोळे मिटूनही जमेल असं काम, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. वरच्या मजल्यावर आता पाणी कोण बदलतं, किती वाजता बदलतं, हे विचारायचीही चोरी. एकदा रागाच्या भरात ब्रश इतका जोरात फिरला की नळी हातातच फुटली.

तीन आठवड्यांनी मुलगी दारात उभी राहिली. हातात झाकण लावलेली पसरट ताटली होती आणि तिच्यात पाण्यात बुडवलेला नवा पडदा.

"कडेनं गळतोय," ती म्हणाली. "तीनदा लावून पाहिला."

"बोल्ट कसे आवळतेस?"

"एकापुढे एक. गोल."

"तिथंच चुकतंय. समोरासमोरचे आवळायचे. अर्धा अर्धा आटा, सगळ्यांना सारखा ताण बसेपर्यंत."

मुलीने मान डोलावली. "वर येता?"

"मला वर यायची मनाई आहे. डबा खाली आण."

मुलगी ताटली तिथेच ठेवून धावत गेली. ताईंनी नळ्यांचा ढीग सरकवून टेबलावर जागा केली, ती दोनदा पुसली, हात साबणाने धुतले. मग ताटलीतल्या पडद्याकडे एकदा पाहून, भिंतीशी जाऊन त्यांनी पंखा बंद केला. उकाड्यात काम करणाऱ्या मुलांनी माना वर केल्या. ताईंनी कोणाकडेच पाहिलं नाही.