फौजदाराच्या कानावरचा थेंब

मी रक्तातली साखर मोजणारं एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. दुकानात मला ग्लुकोमीटर म्हणतात. ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथे मला 'डबडं' म्हणत. तुमच्या तळहातात मावेन एवढाच माझा जीव. पण या एवढ्याशा जिवाने जेवढी फेकाफेक आणि जेवढं रक्त पाहिलं, तेवढं एखाद्या कुऱ्हाडीनेही पाहिलं नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे लाड कोण करणार? अंगात बॅटरी बसली न बसली तोच मला कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहिलं. माझ्या शेजारचा फुटला आणि कचऱ्यात गेला. मी पडूनही बरोबर आकडा दाखवला, म्हणून खोक्यात गेलो.

औषधांच्या दुकानात मी मनोराज्य करत बसायचो. कोणी आजोबा मला नेतील, बोटाचा थेंब देतील आणि चष्मा वर करून म्हणतील, 'वा, आज बरी आहे हो!' पण माझ्या नशिबी आलं मांजर.

मला विकत घेतलं आक्काने. आक्का सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवायची. जाड कापडातून वाकडी सुई ओढून ओढून तिची बोटं चिमट्यासारखी घट्ट झाली होती. घर तिचंच होतं. पुढच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ सुतारकाम करायचा. तो लाकडी सांगाडे करी आणि ही त्यांवर गादी चढवी. भाऊ पन्नाशीला टेकला तरी ती त्याला 'बाळ'च म्हणे. गिऱ्हाइकं मात्र पाठीमागे त्याला 'ठिणगी' म्हणत. खिळा वाकला तर तो खिळ्याला शिव्या देई, दार अडलं तर दाराला लाथ घाली.

तिसरा जीव म्हणजे फौजदार. हा राखाडी बोका. त्याचा उजवा कान अर्धा नव्हता. तो एका कुत्र्याच्या तोंडात राहिला होता. "त्या कुत्र्याचा डोळा गेला म्हटलं!" असं आक्का आल्यागेल्याला अभिमानाने सांगे. पण हा आडदांड बोका एकाएकी वाळू लागला. भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागला आणि चालताना त्याच्या मागच्या टाचा जमिनीला टेकू लागल्या. एक दिवस दोन तरण्या बोक्यांनी त्याला कुंपणाशी गाठलं आणि असं फाडलं, की आक्काने त्याला टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळवत नेलं.

"जखमा भरतील," बाई म्हणाल्या. "खरं दुखणं साखरेचं आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावं लागेल. आधी मोजायचं, मग खाऊ घालायचं, मग टोचायचं. हा क्रम मोडलात तर औषधच जीव घेईल. माणसांचं यंत्र चालेल, मी त्याचे आकडे इथल्या तपासणीशी ताडून देईन."

अशा रीतीने मी त्या घरात आलो.

पहिल्या दिवसाचं काय सांगू! बाळने फौजदाराला मानगुटीला धरून टेबलावर दाबलं. आक्काने त्याच्या चांगल्या कानाच्या कडेला सुई टोचली. पुढच्या क्षणी टेबलावर मांजर नव्हतं, नुसती नखं होती. आक्काचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा चिरला गेला. बाळच्या गालावर तीन लाल रेघा उमटल्या. बाळने त्याला अशी चपराक हाणली की फौजदार कपाटावर जाऊन आदळला. तेवढ्याने राग निवेना, म्हणून त्याने मला उचलून भिंतीवर भिरकावलं. माझ्या काचेला आडवा तडा गेला.

"मुक्या जिवावर हात टाकलास?" आक्का ओरडली.

"त्याने टाकला तो दिसला नाही तुला?"

"त्याला कुठे काही कळतंय? तुला कळतंय ना!"

तिने मला उचललं आणि बटण दाबलं. मी उजळलो. तिने सुटकेचा श्वास सोडला. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मग आक्काने जोर सोडला आणि युक्ती धरली. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ती फौजदाराच्या कानाला धरी. त्याने कान गरम होई आणि रक्त सहज येई. मग कानाच्या कडेला बारीकशी सुई, मोहरीएवढा थेंब, आणि माझ्या तोंडातली पट्टी त्या थेंबाला टेकवली की मी पाच आकडे उलटे मोजून उत्तर देई. लगेच त्याला आवडीचा घास मिळे. महिनाभर तो फिसकारला, चावला, दोनदा तर तिच्या अंगठ्यातून दात आरपार गेला. पण एका सकाळी तो आपण होऊन आला आणि कान पुढे करून बसला. वहीत आकडे उतरत गेले. चारशे, तीनशे, दोनशे. "घरी इतकं नीट मोजणारं मी पाहिलं नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आक्काने मला पदराने पुसलं.

बाळ वाईटच होता असं म्हणू नका. चपराकीबद्दल त्याने माफी मागितली नाही, पण फौजदाराला बसायला सागाचा एक उथळ ट्रे करून दिला, कडा बोटाने तपासून तपासून घासलेला. फक्त माझ्यावर त्याचा विश्वास बसेना. "फुटकं डबडं काय खरं बोलणार?" असं तो म्हणे.

आता त्या दिवसाकडे येतो. सकाळी फौजदाराने खाल्लं नाही, म्हणून इन्सुलिन न टोचताच आक्का एका गिऱ्हाइकाकडे सोफ्याची मापं घ्यायला गेली. तिला यायला संध्याकाळ झाली. फौजदार ट्रेमध्ये पडून होता. मान डगमगत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या झाल्या होत्या. तिने घाईने थेंब घेतला. मी आकडा दाखवला, एकेचाळीस.

"बाळ! तू याला टोचलंस का?"

"मी कशाला टोचू?" रंध्यावरून नजर न उचलता तो म्हणाला.

"मग एवढी खाली कशी गेली?"

"ते डबडं बिघडलंय. आण इकडे, दाखवतो तुला." त्याने स्वतःच्या बोटात सुई खुपसली. मी इमानाने सांगितलं, दोनशे सत्त्याऐंशी. बाळ हसला. "बघ! मरतुकड्या बोक्याची कमी आणि धडधाकट माणसाची एवढी! आहे काही ताळतंत्र?"

आक्काने नवी पट्टी घातली आणि स्वतःचं बोट टोचलं. चौऱ्याण्णव.

"यंत्र खरं बोलतंय, बाळ," ती सावकाश म्हणाली. "तुझी साखर खरंच वाढलीय. आणि तू मला खोटं सांगतोयस."

मित्रांनो, खोटं उघडं पडलं की काही माणसं मान खाली घालतात. बाळने लाकडी हातोडा उचलला. "याला ठेवतच नाही आता!" म्हणत त्याने तो माझ्यावर उगारला. मी टेबलावर होतो. मला पळता येत नाही. आक्काने मला झाकायला हात पुढे केला. हातोडा खाली येत होता, तो थांबला नाही.

तो आवाज मी विसरू शकत नाही. लाकूड तडकावं तसा होता. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. तिच्या तळव्याखाली मी शाबूत होतो.

आणि त्याच वेळी फौजदार ट्रेमधून खाली पडला. त्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं, पाय हवेत झाडू लागले, तोंडाला फेस आला, डोकं फरशीवर धाडधाड आपटू लागलं.

"तू विसरलीस असं वाटलं, म्हणून सकाळी टोचलं होतं मी..." बाळच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. "खाल्लं नव्हतं त्याने. मी मोजलं नाही. तू रोज देतेस तेवढंच दिलं, आक्का..."

"मध आण!"

डाव्या हाताच्या बोटाने ती फौजदाराच्या हिरड्यांवर मध चोळत राहिली. झटक्यात त्याचे दात तिच्या बोटात रुतले, तरी तिने हात काढला नाही. झटके ओसरल्यावर बाळने त्याला छातीशी धरलं आणि दोघंही दवाखान्याकडे धावली. मी आक्काच्या पिशवीत होतो. तासाभराने माझ्यावर आकडा आला, एकशे दहा. फौजदार वाचला.

घरी आल्यावर, हाताला प्लास्टर असलेली आक्का दारातच थांबली. "बाळ, तुझी हत्यारं उचल. हात ताब्यात ठेवता येईल तेव्हा ये."

"आक्का, चुकून लागलं गं. मी तुला मारत नव्हतो."

"ठाऊक आहे. पण हातोडा चुकून उचलला नव्हतास."

तो गेला. आक्का डाव्या हाताने थेंब घ्यायला शिकली. फौजदारही समजल्यासारखा हलेनासा झाला. पाच महिन्यांनी बाळ परत आला, गालफडं बसलेला, स्वतःच्या साखरेच्या गोळ्या खिशात घेऊन. आक्काने त्याला पुढची खोली दिली, पण इन्सुलिनच्या सुईला हात लावू दिला नाही. त्यानेही ती कधी मागितली नाही.

फौजदार पुढे अडीच वर्षं जगला आणि एका दुपारी उन्हात झोपल्या जागीच गेला. आता मी एका खणात पडून असतो. माझ्या मापाच्या पट्ट्याही मिळत नाहीत. शेजारी आक्काची वाकडी सुई आहे, कारण तिची ती दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

मित्रांनो, घरात मुकं जनावर असेल तर त्याचं औषध घाईने, अंदाजाने देऊ नका. मोजा, विचारा, मग द्या. चुकलं तर त्याच क्षणी सांगा. आणि रागाच्या भरात कोणी हात उचलत असेल, तो घरचाच असला तरी, गप्प बसू नका, दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. त्या संध्याकाळी मला ओरडून सांगायचं होतं. पण मला फक्त आकडा दाखवता येतो. तुम्हाला तोंड आहे.