हवेचं माप

"बाबा, कुणाचं माप घेताय?"

थोरला दुकानाच्या दारात उभा होता. माझ्या हातात टेप होती आणि समोर कुणीच नव्हतं. म्हणजे त्याच्या लेखी नव्हतं. मला करड्या कोटातला एक उंच माणूस चांगला दिसत होता. त्याच्या खांद्याला टेप लावायला गेलो तर हात भिंतीवर आपटला.

वर्षभर मी हे लपवलं होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी झालाय, कडेचं तेवढं दिसतं. त्या मधल्या जागेत माणसं यायला लागली होती. सगळी कोटातली, चांगल्या घरची, तोंडातून अवाक्षर न काढणारी. डॉक्टरांनाही मी सांगितलं नाही. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला उतारवयात वेडा म्हणवून घ्यायची हौस नसते.

थोरल्याचं माझ्यासारखंच, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. "दुकान बंद. आणि आता एकटं राहायचं नाही," म्हणाला. काळजीपोटी बोलत होता हे कळत होतं, तरी माझं पित्त खवळलं. पण बोलणार काय? हवेचं माप घेताना रंगेहाथ सापडलो होतो.

धाकटीला फोन गेला. ती एका प्रयोगशाळेत यंत्राला बघायला शिकवते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून वेळ मारून न्यायचो. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, त्या माणसांच्या वाकड्या कॉलरींसकट, आणि म्हणाली, "उद्या दोघंही माझ्याकडे या."

तिच्या खोलीत टेबलावर कप मांडलेले होते, त्यांच्यावर रोखलेला कॅमेरा आणि बाजूला पडदा. यंत्राला काय दिसतंय ते पडद्यावर उमटत होतं. मी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं. पडद्यावर कप अगदी स्वच्छ दिसत होते.

"आत थरावर थर रचलेत, दादा," धाकटी सांगू लागली. "खालच्याला नुसत्या कडा कळतात, त्याच्या वरच्याला आकार, सगळ्यात वरच्याला वस्तू. पण वरचे नुसतं ऐकून घेत नाहीत. मघाशी काय दिसलं ते लक्षात ठेवतात आणि खालच्यांना बजावत राहतात, इथे कप असणार, नीट बघ."

"बरं, मग?"

तिनं एक कळ दाबली. "आता मधल्या भागातलं काहीच ह्याच्यापर्यंत पोचत नाहीये."

पडद्याच्या मधोमध थोडा वेळ धूसर राहिलं. मग तिथे एक किटली आली. टेबलावर किटली नव्हतीच. ती विरली आणि खुर्ची आली.

"बिघडलं वाटतं," थोरला म्हणाला.

"नाही रे, अगदी ठीक चाललंय. खालून काही येईनासं झालं की वरचे हातावर हात ठेवून बसत नाहीत. आजवर जे पाहिलंय तेच रंगवतात. ह्याला मी घरातल्या वस्तू दाखवल्या होत्या. बाबांनी जन्मभर कोट पाहिले." ती जरा थांबली. "डॉक्टरांशीही बोललेय मी. डोळे अधू झालेल्या पुष्कळांना असं दिसतं. डोकं ठिकाणावर असतं."

माझा ऊर भरून आला. मी जे तोंडातून काढायला घाबरत होतो, ते माझ्या पोरीनं चारचौघांना दिसेल असं पडद्यावर मांडलं होतं. तिच्याकडे डोळे भरून बघावंसं वाटलं. पण सरळ पाहिलं की तिचा चेहरा नेमका त्या मधल्या जागेत हरवतो. तिथे शंभर कोट येतात, तो मात्र येत नाही. मी तिच्या आवाजाकडे तोंड करून उभा राहिलो. आता कुणी विचारू दे मुलगी काय करते, पाणी पाजून खुर्चीवर बसवून सांगेन.

जिना उतरताना थोरल्यानं माझा दंड धरला आणि "उद्या दुकान मी उघडून देतो," एवढंच म्हणाला.

खाली दाराशी मी थबकलो.

"काय झालं?"

त्याला मी पहिल्यांदाच आपणहून सांगितलं. "एक गृहस्थ उभे आहेत."

तो रिकाम्या दाराकडे पाहत राहिला.

"कोट कसा शिवलाय?" त्यानं विचारलं.

"खांदा झकास बसलाय," मी म्हणालो. "माझ्याच हातचा असणार."