ट्रेमधल्या दोन सिरिंज

काजलची कूस उजवली, पोटी लेक आली, आणि प्रसूती वॉर्डात श्वेताच्या हाती ट्रे आला. कुहीकडची ही पोर नर्सिंग शिकत होती. ट्रेमध्ये दोन सिरिंज. एकीत बाळाचं व्हिटॅमिन के. दुसरीत आईचं मेथर्जिन; ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊनही तिचं रक्त थांबलं नाही तर लागेल, म्हणून शोभाताई सिस्टरनी भरून ठेवायला लावलेलं. ते लागलंच नाही. औषधाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायच्या कंटाळ्यानं श्वेतानं रिकाम्या अँप्युल, नाव छापलेल्या काचेच्या कुप्या, ज्या-त्या सिरिंजपाशी ठेवल्या होत्या. साऱ्या पोरी तसंच करत.

काजलची सासू चंद्रकला आडवी आली. उमरेडला जन्म हातमागावर गेलेली बाई.

"एवढ्याशा जिवाले सुई? काहून वं?"

"आजी, नव्या लेकराचं रक्त लवकर गोठत नाही. आतल्या आत वाहू नये म्हणून देतेत."

"माह्या लेकरायले कोणी टोचलं होतं?"

"सारी जगली का?"

म्हातारी बाजूला सरली. मग म्हणाली, "दे. पण मायच्या कुशीत दे."

श्वेतानं धानाच्या पऱ्ह्याच्या रोपासारखी कोवळी मांडी स्पिरिटनं पुसली, वळली. ट्रेमध्ये सिरिंज होत्या, काचा नव्हत्या.

"आजी, इथल्या काचा?"

"लेकराजवळ काच ठेवतेत का? डब्यात टाकली."

श्वेतानं दोन्ही सिरिंज खिडकीकडे धरल्या. व्हिटॅमिन के पिवळसर असतं; एक तशी वाटली. पुन्हा पाहिलं, तर दुसरीच पिवळसर वाटली. मेथर्जिन या बाळाच्या अंगात गेलं, तर श्वास बंद पडेल. सांगितलं, तर शोभाताई पुन्हा सुईला हात लावू देणार नाहीत. कोणी विचारतही नव्हतं. आजी वाट बघत होती.

"शोभाताई," श्वेतानं टेबलाशी बसलेल्या सिस्टरपुढे ट्रे धरला, "कोणती कोणाची, मले ओळखू येऊन नाही राहिली."

शोभाताईंनी दोन्ही फेकल्या. "चिठ्ठी लावाले हात लुळे झाले होते? भर नवीन. माझ्यासमोर. नाव मोठ्यानं वाच."

श्वेतानं वाचलं, भरलं, चिठ्ठी लावली.

"बाई, सुई तुम्ही द्या," चंद्रकला म्हणाली. "हिच्या हातानं नको."

शोभाताईंनी सिरिंज घेतली. श्वेतानं बाळाचा पाय धरला. पोर कळवळून रडली, काजलनं छातीशी घेतली. टोचल्या जागी टिपूसभर रक्त आलं. श्वेता त्यावर कापूस दाबून उभी राहिली, थांबेपर्यंत.