ओस्लाने न सरकवलेली खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. विणलेला स्वेटर धुतला की ओला असतानाच माझ्यावर चढवायचा, मापाच्या भोकांत खुंट्या लावून ताणायचा आणि वाळू द्यायचा. मग तो अंगाला नेमका बसतो. आमच्या शेटलंडच्या बेटांवर झाड औषधालाही सापडत नाही. कुठल्याशा फुटक्या जहाजाची फळी लाटांनी किनाऱ्यावर टाकली, तिच्यातून गिबीने मला घडवलं. त्याची बायको ओस्ला. तिच्या सुयांना गावात तोड नव्हती.

त्यांचा मुलगा लॉरी वाढत गेला, तशी त्याच्या मापाची खुंटी दरवर्षी पुढच्या भोकात जाऊ लागली. शेजारची माइमा म्हणायची, "ओस्ला, पोराला जेवायला घालतेस की त्यालाही चौकटीवर ताणतेस गं?" मला कोण अभिमान वाटायचा!

लॉरी मोठा झाला, होडीवर मासे धरायला जाऊ लागला. एका वसंतात ओस्लाने त्याचा नवा स्वेटर धुऊन माझ्यावर चढवला. खुंटी आणखी एक भोक पुढे गेली. तेवढ्यात वारा पडला आणि होडीवाल्यांच्या हाका आल्या.

"दे गं आई, अंगावरच वाळेल."

"ओला? आणि मग खोकत बसशील. जुना घाल. तू येईस्तोवर वाळतो हा."

"माझ्यापेक्षा तुला त्या चौकटीचंच कौतुक!" हसत हसत तो गेला.

दुपारी वादळ उठलं. होडी परतली नाही.

स्वेटर माझ्यावरच राहिला. माइमा हळूच म्हणायची, "काढ गं आता." ओस्ला बाहीवरून हात फिरवायची. "अजून ओला आहे." उन्हाळा आला नि गेला. स्वेटर कधीच खडखडीत वाळला होता. मला ठाऊक होतं, तिलाही होतं.

हिवाळ्यात एक परदेशी जहाज खडकावर आपटलं. गावकऱ्यांनी एका खलाशाला उचलून आमच्या घरी आणलं. लॉरीएवढाच असेल. काळानिळा पडलेला, दातावर दात वाजत होते. गिबी स्वतःचा कोट काढू लागला, तेवढ्यात ओस्ला उठली. तिने माझ्या खुंट्या उपसल्या.

"वाळला," ती म्हणाली, आणि स्वेटर त्याच्या अंगात घातला. बाह्या लांब झाल्या, त्या तिने दुमडल्या. गिबी दाराकडे तोंड करून उभा राहिला. मग ओस्लाने मापाची खुंटी पुन्हा त्याच भोकात बसवली.

आता मी गोठ्यात असते. कोंबड्या माझ्यावर बसतात. खाऱ्या हवेने खुंटी फुगून घट्ट झाली आहे. मित्रांनो, सगळ्याच जुन्या वस्तू सांभाळणं कुणाला जमतं? हवं तर मला चुलीत घाला. फक्त ती खुंटी ठोकून सरकवू नका. लॉरी तिथपर्यंतच वाढला.