बंद ठेवलेलं अपडेट

संघपाल नेमकं काय काम करतो, हे जाफराबादेत कुणाला धड सांगता येत नसे. त्याची थोरली बहीण सुमेधा गिऱ्हाइकांना सांगायची, "आमचा संघपाल इंटरनेटची भोकं बुजवतो." गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. आपण ज्यातून वेबसाइट उघडतो तो ब्राउझर बनवणाऱ्या एका कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात तो होता. त्या ब्राउझरमध्ये चोराला शिरायला कुठे जागा राहिली आहे का ते शोधायचं आणि सापडली की बंद करायची, हे त्याचं काम. महिन्यातले काही दिवस तो घरूनच काम करी, वरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत. खाली आईला वाटे पोरगं झोपलंय.

सुमेधाचं दुकान एसटी स्टँडच्या मागे होतं. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला, सगळं ऑनलाइन. सरकारने तिला एक आयडी दिला होता आणि सगळं दुकान त्या आयडीवर उभं होतं. मदतीला वसंता होता, पन्नाशीचा, त्यांच्याच वस्तीतला. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यावर सुमेधाने त्याला घेतलं. दोन बोटांनी टाइप करायचा, पण गिऱ्हाइकावर कधी डाफरायचा नाही. सुमेधा जेवायला घरी गेली की दुकान तोच बघायचा, म्हणून आयडीचा पासवर्ड त्या दोघांनाच ठाऊक होता.

आता थोडं त्या भोकाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

ब्राउझरला काम करताना मेमरीत जागा लागते. चित्र ठेवायला, बटण ठेवायला, कशालाही. जागा मागून घ्यायची, काम झालं की परत करायची. आठवडी बाजारात असतं तसंच. समजा चतुराबाई भाजी घेऊन कायम एका जागी बसते. तुम्ही इतके सवयीचे की मान वर न करता पिशवी आणि पाकीट दोन्ही तिच्यापुढे धरता. एके दिवशी ती जागा सोडून जाते, तुम्हाला कुणी सांगत नाही, आणि तिथे एखादा भामटा येऊन बसतो. तुमचं पाकीट त्याच्या हातात जाणार. ब्राउझरमध्ये हेच झालं होतं. एका भागाने जागा परत केली होती आणि दुसऱ्या भागाकडे त्या जागेचा जुना पत्ता तसाच राहिला होता. एरवी ब्राउझर प्रत्येक वेबसाइट वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीला धक्का लागू नये. पण हे भोक निघालं ते सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात. चोरांनी परीक्षेच्या निकालाची खोटी पानं तयार केली होती. पान उघडलं की चोर ब्राउझरच्या आत, आणि तिथून जे जे लॉगिन चालू असेल ते त्याचं.

हे सगळं उलगडलं संघपालने. उपायही त्याचाच. परत केलेल्या जागेचा पत्ता कुणाकडेही शिल्लक असेल तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायचीच नाही, रिकामी ठेवायची. थोडी मेमरी वाया जाते, ब्राउझर अंमळ जड होतो, पण भामट्याला बसायला जागा मिळत नाही. त्याची वरिष्ठ अर्पिता हिने तपासून होकार दिला आणि अपडेट जगभर गेलं. बहुतेकांच्या मशीनवर ते पोहोचेपर्यंत भोकाविषयी बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. तो शहाणपणाचाच आहे. नाहीतर उरलेल्या चोरांनाही वाट कळायची.

अपडेट सगळीकडे पोहोचलं, सुमेधाच्या दुकानात तेवढं पोहोचलं नाही. कारण तिथलं अपडेट संघपालने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा दुकानात ओरड चालू होती. ब्राउझर नवा झाला की अंगठ्याचं मशीन त्याला ओळखत नसे. आधीच कापूस वेचून बायांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या, त्यात हे. खेड्यातून जीपने आलेल्या म्हाताऱ्या ओट्यावर बसून राहायच्या आणि संध्याकाळी तशाच परत जायच्या. सुमेधा म्हणाली, काहीतरी कर बाबा, माझ्यानं त्यांची तोंडं बघवत न्हाईत. अंगठ्याच्या मशीनचं नवं सॉफ्टवेअर शोधून टाकलं असतं तर काम झालं असतं. पण त्याला सासुरवाडीला जायची घाई होती. त्याने जुना ब्राउझर परत बसवला, अपडेट बंद केलं आणि पुढच्या खेपेला नीट करतो म्हणाला. पुढच्या खेपेला तो विसरला. ज्या गोष्टीसाठी तो परक्या लोकांना ऑफिसातून बजावून सांगायचा, ती घरच्या माणसासाठी करायची राहून गेली. आपल्याकडे घरच्या कामाचं असंच होतं.

मग ऐन ॲडमिशनच्या दिवसांत सुमेधाचा आयडी बंद पडला. तहसील कचेरीतून फोन आला की तुमच्या आयडीवरून उत्पन्नाच्या दाखल्यांचे खोटे अर्ज गेलेत, कुठल्या कुठल्या गावांचे, कागद सगळे बनावट. साहेबांनी स्पष्टच विचारलं, आयडी कुणाला विकला का. सुमेधाच्या पायाखालची जमीन सरकली. संघपाल घरीच होता. तो धावत दुकानात गेला आणि मशीनपुढे बसला.

त्याला फार शोधावं लागलं नाही. ब्राउझर दिवाळीचाच होता. उघडलेल्या पानांत निकालाचं ते खोटं पान होतं, ज्याचं नाव त्याने स्वतः ऑफिसच्या अहवालात लिहिलं होतं. आणि ते उघडलं होतं अपडेट जगभर गेल्यानंतर. म्हणजे पळवाट नव्हती. अपडेट चालू असतं तर ते पान इथे उघडूनही काही बिघडलं नसतं. सुमेधा मागे उभी होती. वसंता दारात, हातात चहाची किटली घेऊन.

"काही सापडलं का रे?" सुमेधाने विचारलं.

"मशीन ठीक आहे," संघपाल म्हणाला.

त्याने गुपचूप नवा ब्राउझर टाकला, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर शोधून बसवलं. दिवाळीला जे करायचं ते आता केलं, आणि त्याला फार वेळही लागला नाही. मनाशी त्याने नियम घोकला, भोकाविषयी बोलायचं नाही, कंपनीचा नियम आहे. पण नियम होता तो भोकाची माहिती जगाला न देण्याचा. 'ताई, चूक माझी आहे' असं म्हणायला कुठल्या कंपनीने बंदी घातली होती? तो नियमाआड लपला आणि आपण लपलोय हे त्याला त्याच क्षणी कळत होतं.

सुमेधाने रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाली, "मशीन ठीक हाय तर मंग खोट माणसातच हाय. पासवर्ड मला ठावं, वसंतामामाला ठावं. मी तर विकला न्हाई." खरं सांगून टाकावं असं संघपालला वाटलं. तो म्हणाला, मामांना एकदम काढू नको. तेवढंच. सुमेधाला वाटलं, भाऊ मवाळ आहे.

सुमेधाने कामावरून काढलं तेव्हा वसंताने भांडण केलं नाही. दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ताई, मला आठवत तर काहीच न्हाई. हे वाक्य सुमेधाला कबुलीसारखं वाटलं. वस्तीत दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. विहारात रविवारी वंदनेला तो आला तेव्हा शेजारी बसलेले दोघे उठून दुसरीकडे गेले. संघपाल तिथेच होता. त्याने डोळे मिटून घेतले, म्हणजे लोकांना वाटावं वंदनेत आहे.

पुढच्या आठवड्यात सुमेधाचा आयडी सुरू झाला. साहेब म्हणाले, तुमच्या केंद्राचा दोष नाही असं दिसतंय, प्रकरण मिटलं. कसं मिटलं ते तिने विचारलं नाही. दुकानापुढे एवढी गर्दी साचली होती की विचारायला सवडच नव्हती. संघपालला इतकं हलकं वाटलं की त्याने घरी पेढे आणले. आता कशाला उकरायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. वसंतामामांनाही पुढे हळूच परत घेता येईल. माणूस स्वतःला समजवायला लागला की फार हुशार होतो.

त्याच दिवशी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. अर्पिताने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. बहुतेकांपर्यंत अपडेट पोहोचलं आहे, आता आपण माहिती खुली करतो आहोत, संघपालमुळे किती लोक वाचले त्याचा हिशोब नाही, असं ती म्हणाली. पडद्यावर चेहरे टाळ्या वाजवत होते. त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. कॅमेरा बंद करून तो बाहेर पडला आणि चालत स्टँडवर आला.

तिथे वसंता उभा होता. काळ्या-पिवळ्या जीपच्या बाजूला, घसा ताणून "भोकरदन, भोकरदन" ओरडत. पन्नाशीचा माणूस पोरासोरांत उभा राहून सीटा भरत होता. संघपालला बघून तो ओशाळला, पण हसला.

"जय भीम, भाऊ. ताईचं दुकान उघडलं म्हणं. बरं झालं."

संघपाल तसाच दुकानात गेला, गिऱ्हाइकं बाहेर बसवली, शटर अर्धं ओढलं आणि सुमेधाला सगळं सांगितलं. दिवाळीचं अपडेट, निकालाचं पान, भोक, आणि मशीन ठीक आहे हे आपलं वाक्य. सुमेधाने विचारलं, म्हणजे मी त्या माणसाला चोर म्हणले ते तुझ्या शब्दावर? तो हो म्हणाला. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. अपडेटचं कुणाकडूनही राहतं, ती म्हणाली, त्याचा मला राग न्हाई. तू माझ्या समोर बसून खोटं बोललास. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, चल.

वसंता संध्याकाळचा नुकताच घरी आला होता. त्याची बायको कांताबाई हिने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. सुमेधा खुर्चीवर बसलीच नाही. ती खाली वसंतापुढे बसली आणि म्हणाली, मामा, मी चुकले, तुम्ही पासवर्ड दिलेला न्हाई. वसंता गोंधळला.

"न्हाई ताई, माझ्याच हातून झालं ते. म्या तर कचेरीत तसं लिहून देऊन आलो."

आता दोघं भावंडं गोंधळली. वसंताने खाली मान घालून सांगितलं. घरी बसून तो रोज आठवत राहिला होता की आपण पासवर्ड कुणाला सांगितला असेल. शेवटी त्याला एक माणूस आठवला, पाठीमागे उभा राहून वाकून बघणारा. "मी टाइप करून राह्यलो व्हतो अन् तो मागं उभा व्हता. त्यानंच पाह्यला असंल. म्हणलं, मी कबूल न्हाई केलं तर ताईचं दुकान कायमचं जाईल. मंग गेल्तो साहेबाकडं." साहेबांनी त्याची सही घेतली होती, सुमेधाचा आयडी सोडला होता, आणि आता तोच कागद वसंताच्या विरोधात पोलिसांत जाणार होता.

सुमेधाने तोंडाला पदर लावला. संघपालने सांगायला सुरुवात केली. ऑफिसातले शब्द इथे उपयोगाचे नव्हते, म्हणून त्याने बाजारातल्या जागेचंच उदाहरण दिलं. वसंता नीट ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, मंग जो मागं उभा व्हता, त्याचं काय? त्याचा काही संबंध नाही, संघपाल म्हणाला. तुम्ही पासवर्ड बदलून बदलून ठेवला असता तरी हे झालंच असतं. चोराला पासवर्ड लागलाच नाही. वाट मी उघडी ठेवली होती.

"मंग माझ्या हातून न्हाई झालं?"

"नाही, मामा."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

वसंताचा चेहरा असा उजळला की संघपालला तिथे बसवेना. तो शिव्या देईल, हात उचलेल, याची त्याने तयारी केली होती. वसंता तर कांताबाईकडे वळून सांगत होता, "ऐकलंस का? म्या न्हाई केलं. मी म्हणत व्हतो ना, मला आठवतच न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते. उद्या सकाळीच आपण साहेबांकडे जाऊ, संघपाल म्हणाला, मी सगळं माझ्या नावाने लिहून देतो. सुमेधा म्हणाली, माझा आयडी परत बंद झाला तरी चालेल. आणि रविवारी विहारात मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगते.

"तू नाही, मी सांगतो," संघपाल म्हणाला.

कांताबाई इतका वेळ चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. सुमेधाकडे तिने पाहिलंच नाही.

"हे तुम्हाला कवाधरनं ठावं व्हतं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आज ऑफिसातून कळलं असं म्हटलं असतं तर त्या घरात कुणालाही ते तपासता आलं नसतं. सुमेधाने भावाकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून," संघपाल म्हणाला. "मशीनपुढे बसलो तेव्हाच."

वसंताच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं करून गेलं. तो बहुधा मोजत होता. किल्ली ठेवली तो दिवस, विहारातला रविवार, कचेरीतली सही, मघाशी स्टँडवरचा जय भीम. मग त्याने खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "उद्या कचेरीत किती वाजता यू, साहेब?"

लहानपणापासून भाऊ म्हणणारा माणूस संघपालला पहिल्यांदाच साहेब म्हणाला.