आधी जावळ
शिवांजलीची लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा आरोग्य केंद्राची आशाताई प्रियंका गोवराच्या लसीला बोलवायला आली. सासूबाई म्हणाल्या, "आधी देवीला जावळ, मग सुई. माझा नवस हाय."

फौजेतला नवरा फोनवर म्हणाला, "आई म्हणतीया तर थांब. रजेवर आलो की दोन्ही उरकू." रजा दोनदा पुढं गेली.

आज प्रियंका चौथ्यांदा आली, तर दाराला कडुलिंब बांधलेला. आत लेक तापानं फणफणलेली, अंगभर पुरळ. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "देवीच घरी आलीया."

"आवं मावशी, गोवर हाय हा. सांगलीच्या दवाखान्यात न्या."

शिवांजलीनं घामानं चिकटलेल्या जावळावर टोपडं चढवलं, लेकीला खांद्यावर घेतलं आणि कुणालाही न विचारता पायांत चपला सरकवल्या.